निर्भय पेटीतलं पहिलं पाकीट

गुपित राखावं तर आपणच, असं आवकभाऊंचं ठाम मत होतं. हे मत मात्र त्यांनी कधी गुप्त ठेवलं नव्हतं.

"अठरा वर्षं झाली," ते बायकोला सांगत, "कारखान्यात येणारा प्रत्येक कागद माझ्या हातून आत जातो आणि जाणारा प्रत्येक कागद माझ्या हातून बाहेर पडतो. कोणाला मेमो निघाला, कोणाची बढती लटकली, सगळं आधी मला कळतं. पण या कानाचं त्या कानाला कळू देत नाही!"

"मग मला कसं कळतं?" बायको विचारी.

"तू घरची आहेस."

कारखाना शिड्यांचा. घडीच्या शिड्या. उघडल्या की चार पायांवर उभ्या, मिटल्या की दाराआड. आवकभाऊ तिथे आवक-जावक विभागात होते, म्हणजे तो विभाग तेच होते. एक टेबल, एक पंखा, दोन जाडजूड रजिस्टरं आणि अकरा शिक्के. कागदच नव्हे, तयार मालसुद्धा त्यांच्या जावक क्रमांकाशिवाय फाटकाबाहेर जात नसे. खरं नाव काय हे पगाराच्या दिवशी एकदा कानावर पडे, एरवी लहानथोर सगळे त्यांना आवकभाऊच म्हणत.

आता या कारखान्याचा एक साधा नियम होता. शिडी तयार झाली की ती उघडायची, तिच्यावर दीडशे किलोची वजनं टांगायची आणि दहा मिनिटं थांबायचं. शिडी उभीच राहिली तर तिच्या नंबरचं कार्ड भरून सही करायची. सही करणार प्रॉडक्शन सुपरवायझर, आणि कार्डं शिडीला बांधण्याआधी नोंदीला येणार आवकभाऊंकडे. सुपरवायझर म्हणजे आवकभाऊंच्या बायकोचे थोरले भाऊ. घरात दादा, कारखान्यातही दादाच. दादांनीच आवकभाऊंना इथे चिकटवलं होतं. ही गोष्ट ते विसरतील अशी दादांना भारी धास्ती, म्हणून ते रोज एकदा तरी चारचौघांत तिची आठवण करून देत. "आमचे जावईबापू! मीच लावले हो इथे!"

सोमवारी सकाळी आवकभाऊंच्या टेबलावर दोनशे कार्डं येऊन पडली. सगळी भरलेली, सगळ्यांवर दादांची सही, सगळ्या शिड्या पास. आवकभाऊंना कौतुक वाटलं आणि लगेच शंका आली. ते उठून शेडमध्ये गेले. दोनशेपैकी साठ शिड्या तयार होत्या. बाकीच्या एकशेचाळीस अजून पाइप होत्या. पास झालेल्या पाइप! आणि कोपऱ्यात दोन तयार शिड्या पाय फाकवून आडव्या पडल्या होत्या, मधल्या कडीचा खिळा तुटून.

"दादा, ही कार्डं..."

"झाली ना? काल घरी बसलो होतो. टीव्ही बघता बघता दोनशे सह्या ठोकल्या. डोक्याचा ताप गेला!"

"पण वजनं कधी टांगली?"

"अहो जावईबापू, दोनशेला दहानं गुणा. माझी हयात जाईल त्या वजनांपाशी! वीस वर्षांत आपली एक शिडी पडल्याचं ऐकलंत?"

"या दोन पडल्यात की."

"त्यांना कुणीतरी पाडलंय. खिळे नवीन आहेत, जरा बारीक आहेत, पण चालतात हो!" दादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हसले. "लावलं कुणी तुम्हाला इथे? मीच ना? मग काळजी कसली करता?"

दोनशे शिड्या शुक्रवारी वाचनालयांना जायच्या होत्या. आवकभाऊंच्या डोळ्यांपुढे एक वाचनालय उभं राहिलं. त्यात कुणीतरी बाई वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला शिडीवर चढलेली. मग बारीक खिळा. पुढचं चित्र बघवेना म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर समोर तीच शिडी, रंग वाळत उभी होती.

बरं, सांगायचं कुणाला? दादांना सांगून झालं होतं. वर सांगावं तर नाव फुटणार, आणि नाव फुटलं की घरी बायकोपुढे उभं राहायची सोय नाही. दादा म्हणजे तिचा देवमाणूस. दादांविरुद्ध एक अक्षर काढलं तरी ती आठ दिवस भिंतीशी बोले.

पण वेळ अशी जुळून आली होती की आवकभाऊंच्या डोक्यावरच त्यावरचा उपाय टांगलेला होता! आठवड्यापूर्वी एचआर साहेबांनी 'निर्भय पेटी' लावली होती. एचआर साहेब तरुण, कसलासा कोर्स नुकताच करून आलेले. त्यांनी भाषणही केलं होतं. "गैरप्रकार दिसला? लिहा! पेटीत टाका! तुमचं नाव देवालासुद्धा कळणार नाही!" पेटी लावायची कुठे यावर बराच खल झाला आणि अखेर ती आवक-जावकच्या भिंतीवर लागली, कारण तोंड बंद ठेवणारा माणूस दुसरा कोण? आठवडाभर साहेब रोज अकराला येऊन पेटी उघडत, आत हात घालून कोपरे चाचपत आणि उतरल्या चेहऱ्याने परत जात. "एक तरी तक्रार यायला हवी होती हो," ते म्हणत. "काहीच कसं वाईट नाही आपल्याकडे?"

त्या संध्याकाळी आवकभाऊ घरी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि कामाला लागले. कागद वाणसामानाच्या वहीतला, म्हणजे ऑफिसचा माग नको. पेन शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिखाण डाव्या हाताने!

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"व्यायाम."

"डाव्या हाताला?"

"त्याच्याकडे फार दुर्लक्ष झालंय."

बायकोने नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती भांडी लावायला गेली. दीड तासात पत्र पुरं झालं. न तपासलेल्या शिड्या, आगाऊ सह्या, बारीक खिळे, शुक्रवारचा ट्रक, सगळं मुद्देसूद. अक्षर असं की खुद्द आवकभाऊंना वाचताना त्रास झाला, तेव्हा ते समाधानाने झोपले.

मंगळवारी ते सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. पत्र पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं. साहेबांनी वाटलेल्या पेटीच्या नियमांच्या पुस्तिकेत होतं तसं वर 'मा. अध्यक्ष, नीती समिती' लिहिलं. आणि इथेच घात झाला! कारण त्यांचं डोकं शुक्रवारच्या ट्रकपाशी होतं आणि हात टेबलापाशी होते. अठरा वर्षं समोर पाकीट आलं की हे हात जे करत आले तेच त्यांनी केलं. 'गोपनीय' शिक्का मारला. 'ज्यांच्या नावे आहे त्यांनीच उघडावे' शिक्का मारला. जावक रजिस्टर ओढलं, पुढचा क्रमांक बघितला, पाकिटाच्या कोपऱ्यात 'जा.क्र. ११४७' घातला आणि रजिस्टरात सुवाच्य अक्षरात नोंद केली. प्रति: अध्यक्ष, नीती समिती. विषय: गोपनीय. पाठवणार: स्वतः. डाव्या हाताने जीव तोडून लपवलं ते उजव्या हाताने दोन मिनिटांत नोंदवून टाकलं. मग आवकभाऊंनी इकडेतिकडे बघत पाकीट पेटीत सोडलं आणि घाम पुसला.

अकराला एचआर साहेब आले. पेटी उघडली, हात घातला आणि किंचाळले, "आली! पहिली आली!"

"काय सांगता!" आवकभाऊंनी शक्य तितकं आश्चर्य दाखवलं.

"आवक नोंद करा, भाऊ. मी वाचलेली नाही, मी वाचणारही नाही. फक्त अध्यक्ष उघडतील."

"अध्यक्ष कोण?"

साहेबांचा हात हवेत थांबला. समिती अजून नेमलीच नव्हती. "नेमू," ते म्हणाले, "पाकीट आलं म्हणजे समितीही येईल!" आणि ते धावत मॅनेजर बाईंना आनंदाची बातमी द्यायला गेले.

आवकभाऊंनी पाकीट हातात घेतलं, आवकचा शिक्का उचलला, आणि कोपऱ्यातला आकडा दिसला. अरे देवा! त्यांनी आवकचा शिक्का बरोब्बर त्या आकड्यावर दाबून मारला, दोनदा. पाकिटाचं निभावलं. पण रजिस्टर? त्याच्या पानांना छापील क्रमांक, म्हणजे पान फाडायची सोय नाही. नोंद खोडायची तर शेजारी मॅनेजर बाईंची सही हवी, कारणासकट. अठरा वर्षांत त्यांनी एकही खाडाखोड केली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आज तो अभिमान चांगलाच नडला.

एवढ्यात कॅन्टीनच्या मावशी चहा ठेवून गेल्या. आवकभाऊंनी कपाकडे पाहिलं, उघड्या रजिस्टराकडे पाहिलं, आणि कोपराने कप लवंडला.

नेम धरून सांडूनही चहाने नोंद ११४७ ला वळसा घातला! वरच्या सहा नोंदी पुसल्या, खालच्या चार निळ्या झाल्या, आणि मधली एक ओळ कोरडीठाक, जणू तिच्यासाठीच जागा सोडली होती. त्यात आवकभाऊंच्या तोंडून हाय निघाली ती बाहेर ऐकू गेली.

"रजिस्टर भिजलं!" कुणीतरी ओरडलं. बास! सगळा कारखाना गोळा झाला. आवकभाऊंचं रजिस्टर भिजणं ही काय साधी गोष्ट होती? एचआर साहेबांनी रुमाल काढला. दादा स्वतः शेडमधून मोठा पंखा घेऊन आले. मॅनेजर बाईंनी हुकूम सोडला, "पान उलटू नका, फाटेल. असंच उघडं ठेवून वाळवा." मग ते रजिस्टर, ते पान उघडं ठेवून, संध्याकाळपर्यंत मधल्या टेबलावर वाळत पडलं. येणारा जाणारा जरा वाकून बघे, "चक् चक्" करी आणि पुढे जाई.

आवकभाऊ शेजारी उभे राहून प्रत्येकाचा चेहरा निरखत होते. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हळूहळू त्यांचा जीव भांड्यात पडला. रजिस्टर वाचतं कोण? अठरा वर्षांत कोणी वाचलं नव्हतं!

बुधवारी मात्र जरा चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. मावशींनी आणलेला चहा दाट होता आणि त्याला चव होती.

"ताजी पावडर आहे हो, भाऊ," मावशी कुजबुजल्या. "कालची नाही. कधीच नसते कालची."

एचआर साहेब नऊच्या ठोक्याला हजर. एरवी ते साडेदहाला येऊन हजेरीत नऊ लिहीत. आज त्यांनी नऊला नऊ लिहिलं आणि ते आवकभाऊंना दाखवून गेले. दुपारी मॅनेजर बाई सहज म्हणून टेबलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ऑफिसची गाडी मुलाला पोहायच्या क्लासला सोडायला जायची ना, ती बंद केली मी. चालत जातो तो. व्यायाम होतो." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या. आवकभाऊंना आपलं वाटलं, पेटीचा धाक! नाव गुप्त असलं की माणसं अशी सुधारतात.

कारखाना झाडून सगळा सुधारला, फक्त शिड्यांना कोणी हात लावेना. त्या पूर्वीसारख्याच भराभर तयार होत होत्या आणि तयार झाल्या की अंगावर तयार कार्ड बांधून घेत होत्या.

दुपारी समिती नेमायला बैठक बसली. आवकभाऊ पाकीट घेऊन हजर होते.

"मॅडम, तुम्हीच अध्यक्ष व्हा," एचआर साहेब म्हणाले.

"छे! तक्रार माझ्याविरुद्ध असली तर?" बाईंनी ओझरतं आवकभाऊंकडे बघितलं. "तुम्ही व्हा."

"माझ्याविरुद्ध असली तर?" साहेबांनीही ओझरतं बघितलं.

मग सगळ्यांत जुना माणूस कोण, याचा विचार झाला आणि अध्यक्ष झाले दादा! पाकीट आवकभाऊंच्याच हातून दादांच्या हाती गेलं आणि दादांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. आवकभाऊंना दरदरून घाम फुटला.

"सोमवारी उघडू," साहेब पुस्तिका चाळत म्हणाले. "तीन सदस्य समोर लागतात. एक रजेवर आहेत."

"सोमवारी?" आवकभाऊ ओरडलेच. "आज उघडा ना! तातडीचं असलं म्हणजे?"

"तातडीचं आहे?" बाईंनी हळूच विचारलं.

"असेल... म्हणजे... मला काय माहीत? मी आपला अंदाजाने म्हटलं."

सगळ्यांनी अदबीने माना खाली घातल्या.

गुरुवारी दादा बहिणीकडे जेवायला आले, खिशात पाकीट तसंच. आवकभाऊ भात नुसता चिवडत बसले. दादांचंही ताटात लक्ष नव्हतं. शेवटी पाणी पिऊन ते म्हणाले, "जावईबापू, अठरा वर्षं तुम्ही कारखाना सांभाळलात. स्वतःच्या हुशारीवर. मी फक्त तुमचा अर्ज नेऊन दिला होता, बाकी काही नाही."

बायकोच्या हातातला डाव थांबला.

"आणि ज्याने कोणी हे पत्र लिहिलंय," दादा खिशावर हात ठेवून म्हणाले, "तो अगदी घरचा माणूस असला तरी मी राग धरणार नाही. त्याने मनातलं बोलून टाकावं. पटकन."

हीच वेळ होती! आवकभाऊंनी तोंड उघडलं. बायको टक लावून बघत होती. "दादा," ते म्हणाले, "भाजी घ्या ना थोडी."

दादा गेल्यावर बायकोने नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "दादाचा चेहरा एवढासा झालाय. तीन दिवस नीट जेवला नाही म्हणे. तुम्ही काय बोललात त्याला?"

"मी? मी कधी काही बोलतो?"

"तेच तर!" बायको म्हणाली आणि दिवा मालवून मोकळी झाली.

शुक्रवार उजाडला. दुपारी तीनला ट्रक फाटकाशी लागला आणि दोनशे शिड्या त्यात रचल्या गेल्या. ड्रायव्हर कागद घेऊन आवकभाऊंच्या टेबलाशी आला. "भाऊ, जावक नंबर टाका, निघतो."

आवकभाऊंनी पेन उचललं. पुढचा क्रमांक होता ११७२. डोळ्यांपुढे पुन्हा वाचनालयातली ती बाई आली, पुन्हा फळीवरच्या पुस्तकाला हात घातलेली. आवकभाऊंनी पेन खाली ठेवलं. एवढी भीती वाटूनही तोंडातून शब्द मात्र स्पष्ट आले.

"नंबर मिळणार नाही."

"संपले?"

"नंबर संपत नसतात. मी देणार नाही."

पाच मिनिटांत ट्रकभोवती सगळे जमले. मॅनेजर बाई आल्या, एचआर साहेब पुस्तिका घेऊन आले, दादा शेडमधून धापा टाकत आले. आवकभाऊ फाटकात जावक रजिस्टर छातीशी धरून उभे.

"भाऊ, काय झालं?" बाईंनी विचारलं.

"यातली एकही शिडी तपासलेली नाही. वजनं टांगलेलीच नाहीत. सह्या आधी झाल्यात. खिळे बारीक आहेत. एक शिडी काढा आणि टांगा वजनं! आत्ता, माझ्यासमोर!"

दादांचा चेहरा पांढरा पडला. ट्रकमधून एक शिडी उतरवली, फाटकाशीच उघडली, वजनं टांगली. बाईंनी घड्याळ लावलं. एक मिनिट, दोन, तीन. शिडी उभी. आवकभाऊंना वाटलं, संपलो. नोकरीही गेली, सासरही गेलं. चौथ्या मिनिटाला टक्क असा आवाज झाला, मधली कडी सुटली आणि शिडी चारही पाय फाकवत सावकाश जमिनीवर आली. वजनं दगडी फरशीवर आदळली. ड्रायव्हर चार पावलं मागे सरला. बाकी कोणी हललं नाही.

दादा पुढे झाले, वाकले आणि त्या शिडीचं कार्ड सोडवायला लागले. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी दोरी दातांनी तोडली.

"ट्रक रिकामा करा," बाई म्हणाल्या. "दोनशेच्या दोनशे पुन्हा. खिळे बदलून."

आता काय उरलं होतं? आवकभाऊंनी छाती फुगवली. जे व्हायचं ते होवो! अठरा वर्षं गुपितं राखणारा हा माणूस आपलं सगळ्यांत मोठं गुपित जगापुढे उघड करायला निघाला होता.

"आणखी एक सांगतो," ते घसा खाकरून म्हणाले. "दादांच्या खिशात जे पाकीट आहे... ते पत्र मी लिहिलंय. मी!"

कोणी दचकलं नाही. ड्रायव्हरने जांभई दिली. एचआर साहेब पुस्तिकेत बघत राहिले.

"मी म्हणतोय, मी लिहिलंय!"

"हो, भाऊ," मॅनेजर बाई म्हणाल्या. "रजिस्टरात वाचलं ना आम्ही. मंगळवारीच. सगळ्यांनी."

"म्हणजे त्यात चहाच्या पावडरचं नाही?" मागून मावशींनी विचारलं.

"गाडीचं?" बाई पटकन बोलून गेल्या.

"हजेरीचं?" साहेब पुटपुटले.

"नाही," आवकभाऊ म्हणाले. "शिड्यांचं. फक्त शिड्यांचं. शिड्यांच्याच कारखान्यात आहोत ना आपण?"

सगळे पडलेल्या शिडीकडे बघत राहिले. दादांनी खिशातून पाकीट काढलं, उलटसुलट करून पाहिलं. या वेळी त्यांनी "मीच लावले" म्हटलं नाही की पाठीवर थाप मारली नाही.

"तीन दिवस, जावईबापू," ते म्हणाले, "रात्रंदिवस आठवत बसलोय, आपण आयुष्यात काय काय वाईट केलं. लहानपणी बहिणीच्या बाहुलीचा हात मोडला होता, तिथपर्यंत मागे गेलो." त्यांनी हातातल्या कार्डावरची स्वतःची सही पाहिली. "हे काही आठवलं नाही."